खाली बघायचं काम

सोहार बंदरात, पंचेचाळीस मीटर उंचीवर
माझ्या पायाखाली काच आहे.
काचेखाली दोर, दोराखाली कंटेनर,
त्याखाली पिवळ्या हेल्मेटातला कुणी सिल्हेटचा पोऱ्या,
भाताच्या शितासारखा.
बारा तास त्याच्यावर नजर ठेवायची.
आभाळाच्या इतकं जवळ बसून
मान खाली घालायचा पगार मिळतो मला.

अकरा वर्षांत मान तशीच राहिली.
खुर्चीतून मी उठतो, ती उठत नाही.
उजवा खांदा रात्री असा ठणकतो
की कूस बदलायची तर आधी ठरवावं लागतं.
तेल झालं, पट्टा झाला, गोळ्यांनी पोट जळालं.
खोलीतला मेघश्याम म्हणाला, ते सुईचं बघ,
आपलंच रक्त असतं, बाहेरचं काही नाही.

शवार्माच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दवाखाना.
डॉक्टर शरीफ इजिप्तचे. हिंदी बोलतात,
पण सगळी भूतकाळात: "दर्द कब से था?"
दोन वर्षं, म्हटलं.
एका वेळेचे नव्वद रियाल, तीनदा यायचं.
विमा देत नाही, त्याच्या लेखी हा अजून प्रयोग आहे.
गुण येईलच असं नाही, तेही सांगून टाकलं त्यांनी,
आणि का कोण जाणे,
तेवढ्यावरच मी शर्टाची बटणं सोडली.

सिस्टर लिजीनं शीर एका फटक्यात धरली.
नळी यंत्रात ठेवली, आणि समोरच्या खाचेत
तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी, तोलासाठी.
हे मला न सांगता कळलं.
क्रेनलाही पाठीमागं वजन लागतं.
गरगर थांबली. खाली लाल,
वर पिवळं, वरणावरच्या निवळीसारखं.

बाप उरणच्या मिठागरात होता.
पाणी उडून जायचं, जड ते खाली राहायचं,
आणि ते जड तो डोक्यावरून वाहायचा.
टाळूला टोपलीचा खळगा पडला होता,
लहानपणी मी त्यात बोट बसवून बघायचो.
मान मात्र ताठ. टोपलीखाली वाकून चालत नाही.

इथं उलटं.
वरचं पिवळं सुईत ओढून घेतलं.
लाल परत नाही का देत, मी विचारलं.
लिजीनं पायानं डब्याचं झाकण उघडून दाखवलं.

पडद्यावर माझा खांदा, करड्या लाटा नुसत्या.
"ही दोरी. इथे विरली."
आमची दोरी विरली तर वहीत नोंद होते,
कापून भंगारात, नवी चढते.
हिला फक्त विनवायचं,
तुझंच आहे, भरून घे.

सुई आत गेली, आणि आत कुणी दार लोटावं तसं दाटलं.

बाप गेला त्या आठवड्यात तीन जहाजं लागली होती.
मी चौथ्या दिवशी पोचलो.
खांदा चुलतभावांनी दिला.
दोन वर्षं, म्हटलं होतं ना.
डॉक्टरांना ते सांगितलं नाही,
त्यांच्या कागदावर तसला रकाना नव्हता.

"तीन दिवस जास्त दुखेल. गोळी नाही घ्यायची.
दुखणं दाबलं, तर काम अर्धं राहतं."

घरी फोन लावला. हर्षदा म्हणाली, काय टोचलं?
म्हटलं, माझंच.
मग पैसे कसले घेतले?

जिना उतरून खाली आलो.
मांस भाजल्याचा वास, टॅक्सीवाल्यांची गलबल.
भिंतीला टेकून मान वर करून बघितली.
दुकानाच्या पाटीपर्यंत गेली.
पाटीच्या वर काय होतं ते दिसलं नाही.
दुसरी सुई सत्तावीस तारखेला.